दहा वर्षांचा दर कोणाच्या हातात?

रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचं कर्ज देते तो दर, मिंट रोडवरच्या तिच्या मुख्यालयात ठरतो, त्यात वाद नाही. सहा जणांची समिती मतदान करते, गव्हर्नर सकाळी दहाला निवेदन वाचतात, विषय संपतो. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याच्या, म्हणजे सरकारच्या कर्जाच्या कागदाच्या, दरावर (घेणाऱ्याला पडणाऱ्या वार्षिक परताव्यावर) मात्र कोणी मतदान करत नाही. पुढे रेपो कुठे असेल, महागाई किती राहील, सरकार आणखी किती कर्ज काढेल, या सगळ्याचा अंदाज बांधून बाजार तो ठरवतो.

जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो एका झटक्यात अर्धा टक्का उतरवून 5.50 वर आणला. गृहकर्जवाले खूश, कारण त्यांचा हप्ता रेपोला बांधलेला. पण त्याच निवेदनात धोरणाचा पवित्रा ‘अनुकूल’वरून ‘तटस्थ’ झाला होता. रोख्यांचे सौदे करणारी डीलर मंडळी असल्या ओळी आधी वाचतात. कपात आता जवळपास संपली, असं त्यांनी ओळखलं आणि ऑगस्टपर्यंत दहा वर्षांचा दर उलट चढून साडेसहाच्या वर गेला.

मग बँकेच्या हाती काहीच नाही? असं मुळीच नाही. रोख्याचा भाव पडला की दर चढतो. सहा टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा, शंभरचा रोखा 93 ला विकला गेला, तर दर झाला सात टक्के: वर्षाला सहा रुपये व्याज, शिवाय मुदत संपताना 93 चे शंभर. म्हणजे दराला छत घालायचं तर भावाला आधार द्यायचा, सरळ हमीभावासारखा. सरकार माल उचलणारच असा भरवसा असेल, तर व्यापारीच त्या भावाने घेतात. भरवसा उडाला की काट्यावर येईल तो सगळा माल उचलावा लागतो. दर मुठीत ठेवायचा, तर खरेदी किती होईल ते मुठीत राहत नाही. माझ्या मते या विषयाची सगळी मेख इथे आहे.

जपानने हे उघडपणे केलं. सप्टेंबर 2016 मध्ये गव्हर्नर कुरोदांनी दहा वर्षांचा दर शून्याच्या आसपास ठेवायचं जाहीर केलं. सुरुवातीची वर्षं मजेत गेली; खरेदी उलट कमी करता आली. 2022 मध्ये अमेरिकेने दर वाढवायला घेतले, तसा जपानचा दरही वर ओढला जाऊ लागला; तेव्हा पाव टक्क्याचं छत राखायला बँक ऑफ जपान रोज हवे तेवढे रोखे घ्यायला बसली. बाजार इतका आटला की ऑक्टोबरमध्ये सलग काही दिवस दहा वर्षांच्या नव्या रोख्यात सौदाच झाला नाही! छत टिकलं, पण येन वर्षारंभी डॉलरला 115 होता, तो 150 च्या पार घसरला. डिसेंबरात छत अर्ध्या टक्क्यावर नेलं, मार्च 2024 मध्ये काढूनच टाकलं. तोवर सरकारचे जवळपास निम्मे रोखे बँकेच्याच तिजोरीत जमा झाले होते.

आपल्याकडे असं छत कोणी जाहीर केलं नाही, पण 2021 मध्ये सहा टक्क्यांची रेघ सगळ्या बाजाराला दिसत होती. रिझर्व्ह बँक सरकारची कर्जव्यवस्थापकही आहे. लिलावात चढ्या दराच्या बोली आल्या की ती त्या नाकारायची आणि उरलेले रोखे प्रायमरी डीलरांच्या, म्हणजे लिलावाची हमी घेणाऱ्या संस्थांच्या, गळ्यात पडायचे. एप्रिलमध्ये तर तिमाहीत एक लाख कोटींचे रोखे घेऊ, असं तिने आधीच सांगून टाकलं. ऑक्टोबरात ती खरेदी थांबली. जून 2022 मध्ये दर साडेसातच्या वर होता. रेपो तेव्हा 4.90.