दाढ काढली, कळ राहिली

सकाळी ब्रश हिरडीला लागतो आणि गालातून विजेसारखी कळ जाते. काही सेकंदांचीच, पण हात जागीच थिजतो. मग सगळं शांत. चूळ भरली, गार वारं लागलं, नुसतं बोललं तरी पुन्हा तीच. माणूस दाढेवर बोट ठेवून सांगतो, "हीच दुखतेय." लवंग धरून झाली, रूट कॅनल झालं, शेवटी दाढ काढली. कळ मात्र आहे तिथेच. मग शेजारच्या दाढेवर संशय.

हे दुखणं मनाचं नाही. चेहऱ्याची, दातांची संवेदना मेंदूकडे नेते ती ट्रायजेमिनल नस. मेंदूच्या बुंध्यापाशी बहुतेकदा एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकते. ठोक्याठोक्याला दाब बसून नसेवरचं आवरण झिजतं आणि साधा स्पर्शही कळ होऊन पोचतो. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. तो बहुधा पन्नाशीनंतर दिसतो, बायकांमध्ये जास्त.

ओळखायचं कसं? किडलेली दाढ ठणकते, गार-गरम लागल्यावर बराच वेळ दुखत राहते, एक्स-रेत सापडते. काहीच सापडलं नाही, तर दंतवैद्य ती दाढ बधिर करून पाहतात. तरीही दुखत असेल, तर मूळ दुसरीकडे आहे. पण कळ उठवणारी जागाच तिथे असेल, तर न्यूराल्जियाही इंजेक्शनने तात्पुरता थांबतो. म्हणून तेवढ्यावर दाढ काढू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. काढलेली दाढ परत येत नाही.

सर्दीनंतर वरच्या दाढा ओळीने दुखतात, वाकल्यावर वाढतात, तेव्हा सायनस तपासावा. जिना चढताना खालचा जबडा दुखून बसल्यावर थांबत असेल, तर आधी हृदय. तिथे उशीर नको.

न्यूराल्जियावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. चालते ती फिट्सवरची कार्बामाझेपिन, 1960च्या दशकापासून. डोस हळूहळू वाढवतात, कारण झापड येते, तोल जातो, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. अंगावर पुरळ दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. सोबत एमआरआय: नसेवर गाठ तर नाही ना, हे पाहायला.

गोळ्या पुरेनाशा झाल्या तर शस्त्रक्रिया. कानामागे कवटीला छोटं छिद्र पाडतात, रक्तवाहिनी अलगद बाजूला करतात आणि ती पुन्हा नसेला टेकू नये म्हणून मध्ये टेफ्लॉनचा इवलासा बोळा ठेवतात.