विजेच्या सायकलवर झायन: सकाळी वर, संध्याकाळी खाली

(पडद्यावर: पहाट. लाल कड्यांच्या माथ्यावर ऊन, दरी अजून सावलीत.)

अमेरिकेच्या युटा राज्यातलं झायन राष्ट्रीय उद्यान. व्हर्जिन नदीनं वालुकाश्म कापत कोरलेली ही दरी. दोन्ही बाजूंचे कडे सुमारे ६०० मीटर उंच. हा दगड म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळवंटाची घट्ट झालेली वाळू. वर्षातला बराच काळ, साधारण मार्च ते नोव्हेंबर, दरीतल्या रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत. मग उरतात तीन पर्याय: पार्कची बस, आपले पाय आणि सायकल. बस ठरलेल्या थांब्यांवरच थांबते. सायकल वाटेल तिथे थांबते, आणि या दरीत थांबावंसं फार ठिकाणी वाटतं.

भाड्यानं विजेची सायकल दक्षिण दाराबाहेरच्या स्प्रिंगडेल गावात मिळते. लास व्हेगासहून येत असाल, तर घड्याळ एक तास पुढे करा. सकाळी ७ ची सायकल घ्यायची, तर तुमच्या घड्याळात तेव्हा ६ वाजलेले असतील.

(पडद्यावर: फ्रेमवरचं लेबल, हँडलची मूठ.)

दुकानात आधी फ्रेमवरचं लेबल वाचा. ‘क्लास १’ हवं. म्हणजे पेडल मारत असाल तेवढाच वेळ मोटर मदत करणार आणि ताशी ३२ किलोमीटरला ती मदत थांबणार. मूठ पिळून किंवा अंगठ्यानं दाबून पळणारी सायकल उद्यानाच्या सायकलवाटेवर चालत नाही. हे दारापर्यंत जाऊन कळलं, तर सकाळ वाया गेली. सीटची उंचीही तिथेच लावून घ्या: टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. हेल्मेट आणि कुलूप मागून घ्या.

सुरुवात पारूस वाटेनं. इथल्या मूळ रहिवाशांच्या पाइयूट भाषेत या शब्दाचा अर्थ खळखळणारं पाणी. पर्यटक केंद्रापासून २.७ किलोमीटरची ही डांबरी वाट नदीवरून पुन्हा पुन्हा पूल ओलांडत जाते. उद्यानातल्या पायवाटांपैकी सायकलला परवानगी फक्त हिच्यावर. लोक चालत असतात, कुत्री असतात. इथे मदत सर्वांत कमी ठेवा आणि घंटी वाजवत जा.

वाट संपते तिथे, कॅन्यन जंक्शनला, मुख्य रस्ता लागतो. पुढचे सुमारे १० किलोमीटर त्याच रस्त्यानं. सुरुवातीलाच दिवसातला सर्वांत दमवणारा चढ येतो.

(पडद्यावर: चढाचा रस्ता, बाजूला मातीचा विस्कटलेला उतार.)

हा चढ म्हणजे एका प्रचंड दरडीचा ढिगारा. सुमारे ४,८०० वर्षांपूर्वी सेंटिनेल डोंगराची कड कोसळली, नदी अडली आणि मागे तलाव साचला. काही शतकांत तो गाळानं भरून गेला. म्हणून चढ संपल्यावर दरीचा तळ एकदम सपाट होतो: आपण जुन्या तलावाच्या तळावरून सायकल चालवत असतो. ही दरड पुरती शांत झालेली नाही. १९९५ मध्ये तिचा एक भाग पुन्हा सरकला, नदीनं रस्ता तोडला आणि वरच्या लॉजमधली माणसं अडकून पडली.

चढ दिसताच, चढ सुरू व्हायच्या आधी, गिअर हलका करा. भर चढावर, पेडलवर जोर असताना गिअर बदलला की साखळी करकरते, निसटते, कधी तुटतेही. मोटर पेडलपाशी बसवलेली असेल, तर ती साखळीचा ताण वाढवते, हे साध्या सायकलची सवय असणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मदत एका पायरीनं वाढवा, सपाटीला पुन्हा उतरवा. जाऊन-येऊन सुमारे २६ किलोमीटर होतात. ५०० वॉट-तासाची बॅटरी भरलेली असेल, तर मध्यम मदतीवर निम्मी पुरते. समजा संपलीच, तर वळा. परतीचा रस्ता बहुतेक उताराचाच आहे.

आता बस. मागून बस आली की कडेला घ्या, थांबा, एक पाय जमिनीवर टेकवा. चालत्या सायकलला बस ओलांडत नाही. तुम्ही थांबला नाहीत, तर ती तुमच्या मागे रांगत राहते. २०२४ पासून इथल्या सगळ्या बस विजेच्या आहेत. त्यामुळे इंजिनाची घरघर नाही. कानात इअरफोन नकोच, हँडलला आरसा असेल तर उत्तम.

(पडद्यावर: टायरमध्ये रुतलेला काटा, अगदी जवळून.)

हा काटा मराठी माणसाला ओळखीचा आहे. सराटा. आपल्या माळरानावरचा, गोखरू म्हणून औषधात जाणारा तोच. अमेरिकेत बाहेरून आला आणि नैऋत्येत पसरला. डांबराच्या कडेला सायकल मातीत उतरवू नका, गवतात आडवी टाकू नका. मागच्या चाकात मोटर असेल, तर चाक काढायला पाना लागतो आणि वायर सोडवावी लागते. त्यापेक्षा चाक जागेवरच ठेवा, टायरची एक बाजू रिमबाहेर काढा, काट्यापाशची तेवढीच ट्यूब ओढून पॅच लावा. हवा भरण्याआधी टायरच्या आतून बोट हळू फिरवा. काट्याचं टोक राहिलं, तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर.

रस्ता संपतो तिथे, टेंपल ऑफ सिनावावाला, सायकल स्टँडला कुलूप लावा. पुढची रिव्हरसाइड वाट जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर, फक्त पायी. पाण्याच्या बाटल्या नळावरच भरा. नदीचं पाणी पिऊ नका, त्यात सायनोबॅक्टेरिया नावाचे विषारी जिवाणू आढळले आहेत. जुलै ते सप्टेंबरमध्ये लांब कुठेतरी पाऊस पडून इथे अचानक पूर येतो. नदीत उतरायच्या आधी इशारा वाचा. एंजल्स लँडिंग या अरुंद कड्याची चढाई याच दिवसात कोंबू नका. २०२२ पासून तिला सोडतीचा परवाना लागतो.

उन्हाळ्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या वर जातो. तेव्हा लॉजसमोरच्या झाडाखाली विसावा घ्या आणि सायकलही सावलीत लावा. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा. पंचवीस किलोची सायकल साध्या सायकलच्या अंदाजानं थांबत नाही, आणि पारूसच्या पुलांवर संध्याकाळी लोक वॉचमन शिखराकडे बघत उभे असतात. ते लाल होत असतं. तुम्हीही उतरा, दुकान बंद व्हायची वेळ तेवढी सकाळीच विचारून ठेवलेली असू द्या.