दुकानात जाताना जुनी लेन्स सोबत न्या

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा तोंडावर आला की मला फोन सुरू होतात. "दादा, माझ्याकडे डीएसएलआर आहे, सहा वर्षं झाली, आता नवी बॉडी घेऊ का?" डीएसएलआर म्हणजे लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा, आणि बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा. समोरच्याच्या हातात बोनस आलेला असतो, पेपरात एक्स्चेंजच्या जाहिराती असतात आणि मनाने निर्णय जवळपास झालेला असतो. मी फक्त "हो, घे" म्हणायचं बाकी असतं. मी तसं म्हणत नाही. मी विचारतो, "तुझ्याकडे लेन्स कुठल्या आहेत?" आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं. दुकानात जाताना जुन्या लेन्स सोबत घेऊन जा. सगळ्या. कपाटात मागे पडलेलीसुद्धा.

हे मी एवढं आग्रहाने का सांगतो, त्यामागे एक लग्न आहे. ते आज तुम्हाला सांगतो.

२००९ साली मी निकॉनचा डी ९० घेतला. ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झालेला हा कॅमेरा व्हिडिओ घेऊ शकणारा पहिला डीएसएलआर होता. १२ मेगापिक्सेल, ११ फोकस पॉइंट आणि हातात भरगच्च बसणारी पकड. सोबत आलेली १८-१०५ ची झूम लेन्स होतीच, पण माझा जीव जडला तो वेगळ्या घेतलेल्या एका छोट्या लेन्सवर. ५० मिलिमीटर, एफ १.८, आम्ही सगळे तिला नुसतं 'फिफ्टी' म्हणतो. वजन १५५ ग्रॅम, म्हणजे एखाद्या सफरचंदाएवढी. बटण अर्धं दाबलं की ती घर्र असा आवाज करायची आणि फोकस धरायची. पर्वतीच्या पायऱ्यांवर, मंडईत, आमच्या घरच्या गौरींपुढे, सगळीकडे ती घर्र माझ्या कानात बसलेली होती.

२०१३ साली मला वाटलं, आता बदलावं. डी ५२०० नुकताच आला होता. २४ मेगापिक्सेल, म्हणजे दुप्पट. फोकस पॉइंट ३९, म्हणजे तिपटीहून जास्त. स्क्रीन बाहेर काढून फिरवता येणारा. आकडे सगळे वर गेलेले. शहरातल्या एका दुकानात जुनी बॉडी एक्स्चेंजमध्ये दिली आणि नवी घेतली. दुकानातच १८-१०५ लावून चारदोन फोटो काढून पाहिले. उत्तम आले. घरी आठ दिवस तीच लेन्स लावून फिरलो. एकदाही काही खटकलं नाही.

आणि मग मे महिन्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न आलं.

लग्नाला नेहमीचे फोटोग्राफर होतेच. पण आदल्या रात्री मावशीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "बाकी सगळं ते काढतील. अंतरपाट खाली येतो ना, तेव्हा तिचा चेहरा तू काढ. मला तेवढा एकच फोटो हवाय." मावशीच्या स्वतःच्या लग्नात, त्या काळच्या १२ फोटोंच्या रोलमधला शेवटचा फोटो मंगलाष्टकं चालू असतानाच खर्च झाला होता, आणि फोटोग्राफर नवा रोल भरेपर्यंत अंतरपाट खाली आला होता. माळा घातल्यानंतरचे फोटो आहेत, पण तो एक क्षण नाही. तो तिला लेकीच्या लग्नात हवा होता. मी शब्द दिला.

एरंडवण्यातलं एक जुनं कार्यालय. बोहल्यावर मागे मखमलीचा पडदा, वर दोन ट्यूबलाइट. मुहूर्त ११ वाजून ५२ मिनिटांचा. उजेड इतका कमी की १८-१०५ चालणं अवघड होतं. ती लेन्स पूर्ण लांबवली की एफ ५.६ वर येते. फिफ्टी एफ १.८ वर उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो. या दोन आकड्यांमध्ये नऊपटीहून जास्त प्रकाशाचा फरक आहे. म्हणून मी बोहल्याच्या कडेला उभा राहून फिफ्टी चढवली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण अर्धं दाबलं.

काहीच झालं नाही. घर्र आलीच नाही.

मला वाटलं, लेन्स नीट बसली नसेल. काढली, पुन्हा लावली. मला वाटलं, मागच्या पितळी ठिपक्यांना धूळ लागली असेल. उपरण्याच्या टोकाने पुसली, पुन्हा लावली. बटणं उलटसुलट करून पाहिली. तोवर गुरुजींनी पहिली मंगलाष्टक म्हटली होती आणि "सावधान" झालं होतं. लेन्स जागची हलत नव्हती.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात म्हणतात, आणि तशीच म्हणावीत. हल्ली नातेवाईक हौसेने कागद घेऊन उभे राहतात आणि सिनेमाच्या चालीवर मुलीचं बालपण गातात. त्यांचं प्रेम खरं असतं, मला त्याबद्दल शंका नाही. पण त्या वृत्ताची जी संथ चाल आहे, जी शेवटच्या 'सावधान'पर्यंत सगळ्या मांडवाला एका श्वासात धरून ठेवते, ती दुसऱ्या कशात नाही. त्या दिवशी गुरुजींनी सगळी अष्टकं त्याच वृत्तात म्हटली, आणि त्या संथपणामुळे मला हाताशी चार मिनिटं मिळाली.

त्या चार मिनिटांत मी हाताने फोकस करायचं ठरवलं. लेन्सवरची रिंग बोटांनी फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरमध्ये बघायचं. डी ९० असता तर जमलंही असतं. डी ९० च्या डोक्यात काचेचा भरीव प्रिझम आहे. डी ५२०० मध्ये त्या जागी आरसे जोडलेले आहेत, त्यामुळे आत दिसणारं चित्र लहान आणि जरा अंधारं. फोकस जमलं की खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागतो, तेवढाच आधार. आणि एफ १.८ वर, दोन मीटर अंतरावर, फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा किती जाड असतो माहिती आहे? जेमतेम अर्धी वीत. त्या अर्ध्या वितीत तिचे डोळे यायला हवे होते.

शेवटचं "सावधान" झालं. सनई वाजली, अक्षता उडाल्या, अंतरपाट उत्तरेकडे सरकला. ती मान वर करत होती. मी रिंग फिरवत होतो, हिरवा ठिपका लागत होता आणि जात होता. नऊ फोटो काढले. पुढच्या क्षणाला माळा पडल्या.

संध्याकाळी फोटो लॅपटॉपवर उघडले. नऊच्या नऊ फोटोंत तिचा चेहरा धूसर. सगळ्यांत बऱ्या फोटोत तिच्या मागे उभे असलेले मामा लख्ख आले होते. शर्टाची बटणं मोजता येत होती. त्यांचा हात, मनगटावरचं घड्याळ, घड्याळाचे काटे. ११ वाजून ५२ मिनिटं. आणि त्या घड्याळाच्या पुढे, हातभर अंतरावर, मुंडावळ्या बांधलेली माझी बहीण, धुक्यातून बघितल्यासारखी.

मावशी बराच वेळ तो फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे रे. मी पाहिलाय तिचा चेहरा." आणि उठून निघालेल्या पाहुण्यांच्या हातात नारळ द्यायला गेली. आज इतकी वर्षं झाली, ते वाक्य मला विसरता आलेलं नाही.

आता यातलं तंत्र थोडक्यात सांगतो, कारण ते थोडकंच आहे. ऑटोफोकससाठी लेन्समधली भिंगं पुढेमागे सरकवावी लागतात, त्याला मोटर लागते. निकॉनच्या ज्या लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं असतं, तिच्या पोटातच मोटर असते. माझी १८-१०५ त्यातली. पण जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये मोटर नाही. माझी फिफ्टी यातली. त्यांना बॉडीतली मोटर फिरवते. बॉडीच्या तोंडाशी, लेन्स जिथे बसते त्या कड्यात, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखं एक बारीक टोक असतं, ते फिरून लेन्स फिरवतं. डी ९० ला ते आहे. डी ७००० च्या मालिकेला आहे. डी ३००० आणि डी ५००० च्या मालिकांना नाही. मी २४ मेगापिक्सेल मोजले, ३९ पॉइंट मोजले, आणि ते तांदळाच्या दाण्याएवढं टोक आहे का, हे पाहिलं नाही. दुकानात फिफ्टी सोबत असती तर एका मिनिटात कळलं असतं. म्हणून पुन्हा सांगतो, जुन्या लेन्स सोबत न्या.

कॅननवाल्यांची ही अडचण नाही. १९८७ साली ईएफ माउंट (लेन्स जिथे बसते ते कडं) आणला तेव्हापासून त्यांनी मोटर लेन्समध्येच ठेवली. त्यांची अडचण दुसरी. लहान सेन्सरसाठी केलेली ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनची तशी लेन्स फुल फ्रेमवर बसते, पण बॉडी फोटोचा मधला भागच घेते. डी ७५० सारख्या २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर तिथे तुम्हाला १० च मेगापिक्सेल उरतात. फुल फ्रेमला जायचं मनात असेल तर हा हिशोब आधी करा. बॉडीच्या किमतीत नव्या लेन्सची किंमतही धरा.

मेगापिक्सेलबद्दल एवढंच. १२ चे २४ झाले म्हणून फोटो दुप्पट मोठा होत नाही. लांबीला ४२८८ ठिपके होते, त्यांचे ६००० झाले. म्हणजे दीडपटसुद्धा नाही. डी ९० च्या फोटोची १४ बाय ९ इंचाची प्रिंट अगदी खणखणीत येते. आणि तुम्ही शेवटची प्रिंट कधी काढली होती? मला याचं मनापासून वाईट वाटतं. घरोघरी हजारो फोटो हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत आणि भिंतीवर आजोबांचा तोच एक जुना फोटो आहे. वर्षाला दहा प्रिंट काढा. नव्या बॉडीच्या पैशांत जन्मभराच्या प्रिंट निघतील.

मग बॉडी कधी बदलावी? मी स्वतःसाठी एक पद्धत केली. वर्षभर जे फोटो हुकले, ते पुसून न टाकता एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकत गेलो. वर्षाअखेरीस ते सगळे ओळीने पाहिले. निम्म्याहून अधिक फोटो माझ्या हातून बिघडले होते. हात हलला होता, शटर स्पीड कमी ठेवला होता. त्याला कुठलीच बॉडी पुरी पडली नसती. काही फोटोंना बॉडी नव्हे, लेन्स कमी पडली होती. कवडीपाटला नदीच्या पलीकडच्या काठावरचा चक्रवाक १०५ मिलिमीटरमध्ये एवढासाच येणार. उरलेले थोडे फोटो मात्र खरोखर बॉडीमुळे गेले होते, आणि त्यातले बहुतेक फिफ्टीने काढलेले होते. तेव्हा मला उत्तर मिळालं. २०१८ साली मी सेकंड हँड डी ७२०० घेतला. या बॉडीचं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं असतं, आणि जी मी घेतली तिचं ३० हजारांच्या आत चाललेलं होतं. पण शटर काउंट विचारायच्या आधी मी पिशवीतून फिफ्टी काढली, चढवली आणि बटण अर्धं दाबलं.

घर्र.

तुम्हीही तो फोल्डर करून बघा. हुकलेले फोटो पुसू नका, ते साठवा. तुमची अडचण नेमकी कुठली आहे, ते त्यातून कळेल.

आणि एक राहिलंच. पुण्याच्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या बॅगेत बंद करून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि लेन्सला आतून बुरशी येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून दोनचार फोटो काढा.

आता काळ आणखी पुढे गेला आहे. २०१८ मध्ये निकॉनने झेड माउंट आणला, कॅननने आरएफ, आणि दोन्ही कंपन्यांचं सगळं लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, गेलं. डीएसएलआरच्या नव्या बॉडी येणं थांबल्यासारखंच आहे. त्यामुळे सेकंड हँडमध्ये चांगल्या बॉडी परवडणाऱ्या किमतीत मिळतात, आणि ज्याच्याकडे जुन्या लेन्सचा साठा आहे त्याने त्या जरूर बघाव्यात. मिररलेसला जायचं असेल तर अडॅप्टर लागतो. कॅननच्या अडॅप्टरवर ईएफ लेन्स व्यवस्थित ऑटोफोकस करतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस लेन्स चालतात, पण त्या अडॅप्टरमध्ये ती फिरवणारी मोटर नाही.

माझ्या भाच्याला यंदा दसऱ्याला मिररलेस घ्यायचाय. वर्षभर तो माझीच फिफ्टी वापरतोय आणि तिच्यावर त्याचाही जीव बसलाय. मी त्याला नाही म्हटलेलं नाही. रविवारी आम्ही दोघं दुकानात जाणार आहोत. फिफ्टी मी आजच पिशवीत घालून ठेवली आहे. अडॅप्टर मागून घ्यायचा, ती त्यावर चढवायची, बटण अर्धं दाबायचं आणि त्याला ती शांतता स्वतःच्या कानांनी ऐकू द्यायची. मग काय घ्यायचं ते तो ठरवेल.

नमस्कार.