पिठात विरी आहे तोवर

(पहाट. अंधारात पेटती चूल. कॅमेरा काठवटीवर.)

सकाळचे साडेपाच. मंगळवेढ्याजवळच्या एका वस्तीवर मावशींनी काठवट पुढं ओढली आहे. चुलीवर आधण ठेवलंय. पीठ घेतलंय एका भाकरीपुरतंच. कणकेसारखा सगळा गोळा एकदम मळून ठेवायची इथं पद्धत नाही, आणि त्याला कारण आहे.

गव्हात ग्लुटेन असतं, ते कणकेला धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. ज्वारीचं पीठ एकत्र राहतं ते गरम पाण्यानं फुललेल्या स्टार्चमुळं आणि तळहाताच्या रगड्यामुळं. गोळा मळून नुसता ठेवला की भेगाळतो. पीठ जुनं असलं तर कितीही रगडा, कडा चिरतातच. मावशी चिमटीत पीठ दाबून बघतात. "विरी हाय अजून."

विरी म्हणजे पिठाची धरून राहायची ताकद. ती गेली की भाकरी उचलतानाच तुटते. म्हणून या घरात दळण आठवड्याला. दाण्यातल्या कोंबात तेल असतं. दळलं की त्याला हवा लागते आणि पीठ हळूहळू कडवट होत जातं.

(भाकरी तव्यावर. अगदी जवळून.)

आता नीट बघा. पिठाची बाजू वर आहे. तिच्यावरून पाण्याचा हात फिरला. हे पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटायची, नाहीतर वरून तडे जातात. दुसरी बाजू भाजली की तवा खाली आणि भाकरी निखाऱ्यांपुढं उभी. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि पापुद्रा सुटतो. टम्म! मावशींनी वर बघितलंसुद्धा नाही, पुढचा गोळा हातात आहे.

मला स्वतःला भाकरी येत नाही. चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी एक थापून बघितली. ती वस्तीवरच्या कुत्र्यानं खाल्ली, तीही जरा विचार करून.

(काळं रान. वाऱ्यावर डुलणारी कणसं.)

ही मालदांडी ज्वारी. पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, आणि खोल काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर ती हिवाळाभर वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. दाणा माणसाला, कडबा जनावराला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण या गावात धान्याची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. दुष्काळात बादशहाची कोठारं उपाशी लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत इथलेच, आणि त्या धान्याची भरपाई विठोबानं केली, असं इथलं लहान पोरही सांगेल.

पुढं १९७२ चा दुष्काळ आला. रेशनवर मिलो आली, परदेशातली तांबडी ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली ते आजही नाव काढलं की तोंड वाकडं करतात. नंतरच्या काळात रेशनला गहू-तांदूळ स्वस्त मिळत गेला आणि ज्वारीच्या मुलखातही चपाती चढली. आता गंमत अशी, की गरिबाची म्हणून हिणवलेली ही भाकरी शहरातल्या हॉटेलात थाळीसोबत मिरवते, आणि चांगली मालदांडी बाजारात गव्हाहून महाग आहे.

(ताट. वरून.)

आजचं कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, पिठलं. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा. पाण्याला उकळी आली की कालवलेलं बेसन. दहा मिनिटांत झालं. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं, ते हरभऱ्यात भरपूर आहे. हरभऱ्यात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. हा हिशेब कागदावर कुणी मांडला नव्हता तेव्हापासून ही जोडी ताटात आहे.

बाजूला मेथीचा घोळाणा: कोवळी मेथी चिरून त्यात कांदा, दाण्याचं कूट, मीठ, वरून कच्चं तेल. शिजवायचं काहीच नाही. शेंगाचटणी आहे, उखळात कुटून तेल सुटलेली. वाटीभर ताक. आणि लिंबाची फोड, जी आपण बहुतेकदा ताटात तशीच टाकून उठतो. ती पिळायची. भाकरीतलं आणि भाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा ते लोह अडवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. लिंबाच्या एका फोडीनं तो आकडा खाली येणार नाही, पण चहा तासभर लांबवायला पैसे पडत नाहीत.

कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. ज्वारीत तंतू जास्त, शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास, हे खरं. तरी मधुमेही माणसानं 'ज्वारीच आहे' म्हणून तीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढायचीच. आपल्या जुन्या ताटात धान्याचा डोंगर आणि भाजी तोंडीलावण्यापुरती, हा दोष होताच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार दिवसभरातले उष्मांक धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. म्हणजे पिठलं दाट हवं, घोळाणा वाटीभर हवा आणि भाकरी एक कमी. मावशींना हे सांगितलं तर हसल्या. "एका भाकरीवर रानात जाऊन दावा की." रानात राबणाऱ्याचा हिशेब वेगळा, खुर्चीत बसणाऱ्याचा वेगळा. एक भाकरी कमी करायची ती आपण, त्यांनी नव्हे.

(घड्याळ. सव्वासहा.)

पाऊण तासात सगळं झालं. शहरातल्या लोकांना नेमकं इथंच चुकल्यासारखं वाटतं: आपल्याला का जमत नाही? कारण हा पाऊण तास म्हणजे नुसतं शेवटचं टोक आहे. दळण सोमवारी होऊन आलं. चटणी पंधरा दिवसांपूर्वी कुटली. विरजण रात्री लागलं. मेथी काल संध्याकाळीच निवडून फडक्यात गुंडाळली. आणि हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात आणि हातात आहे. घरातला मुलगा पीठ गिरणीवर नेतो, तेवढाच त्याचा वाटा. काठवटीपुढं बसल्यानं पोराच्या हाताला काही होत नाही, असं मावशी त्याच्यादेखत म्हणाल्या. त्यानं ऐकलं नसल्यासारखं केलं.

ज्यांच्याकडं असे हात नाहीत, त्यांच्यासाठी सोलापुरात बायकांनी कडक भाकरीचा धंदा उभा केलाय. पातळ थापलेली, खरपूस, कितीतरी दिवस टिकणारी. ताकात नाहीतर आमटीत कुस्करायची. थापणारे हात तेच, फक्त आता त्यांना मोल मिळतं.

(अंगण. उजाडलंय.)

भाकऱ्या दुरडीत, वर फडकं. एक जास्तीची केली आहे, उद्या सकाळी कुस्करून फोडणी द्यायला. काठवट धुतलेलं पिठाळ पाणी म्हशीपुढं गेलं. मुलगा मोटारसायकल काढतोय. मावशींनी दारातून हाक मारली आणि ज्वारीची पिशवी त्याच्या हातात दिली.

"बारीक दळून आण. आन् गव्हावर दळू नको म्हणावं गिरणीवाल्याला."