डोंगर एक, दप्तरं तीन

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘जंगल आणि जमीन : केंद्राचं किती, राज्याचं किती’, त्यावर येतोच, पण आधी सांगा, ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला राहणारे किती जण आहात? बरेच हात. आता आपल्या बिल्डिंगखालच्या जमिनीचा सातबारा स्वतः वाचलेले? बघा, चारच उरले.

आम्ही पण वाचला नव्हता. १९९६ ला फ्लॅट घेतला तेव्हा एनए, म्हणजे जमीन बिगरशेती झाल्याचा कागद, होतं, महापालिकेची बांधकाम परवानगी होती, स्टॅम्प ड्युटी भरली, मालमत्ता कर एक वर्ष चुकवला नाही. दहाएक वर्षांनी शेजारच्या काकूंनी मुलीच्या लग्नासाठी फ्लॅट विकायला काढला, बँकेच्या वकिलाने ताजा उतारा मागितला आणि त्यात इतर हक्काच्या रकान्यात दोन शब्द, ‘खाजगी वन’. व्यवहार तिथेच मोडला. मग मी आणि काकू फाइल घेऊन फिरलो. तलाठी म्हणाले वरून यादी आली, मी फेरफार ओढला, म्हणजे उताऱ्यात बदलाची नोंद केली. वनखात्यात म्हणाले १९७५ च्या कायद्याने ही जमीन कधीच सरकारजमा झालीय, तुम्ही तिथे राहताच कसे? काकू तिथे बाकावर बसून रडल्या, ते मी विसरू शकत नाही. महापालिकेत म्हणाले आम्ही परवानगी दिली तेव्हा उतारा कोरा होता. आणि मंडळी, तिघंही खरं बोलत होते!

झालं होतं असं, की १९५० च्या दशकात वन कायद्याच्या कलम ३५ खाली, खाजगी जंगलांवर बंधनं घालण्यासाठी, मालकांच्या नावे नोटिसा निघाल्या, बऱ्याच पुढे सरकल्याच नाहीत. ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनं संपादन करायचा राज्याचा कायदा लागू झाला, आणि नोटीस निघाली म्हणजे जमीन वन, असं पुढे धरलं गेलं. म्हणजे सरकारच्या एका हाताने जमीन घेतली आणि दुसऱ्याने त्याच जमिनीवर वीस वर्षं परवानग्या दिल्या. ३० जानेवारी २०१४ ला गोदरेज अँड बॉइसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोटीस नुसती काढून भागत नाही, मालकाला बजावायला हवी होती. तोपर्यंत काकूंनी पीएफ मोडून लग्न उरकलं होतं.

मला जंगल नको असं कृपा करून समजू नका. हा डोंगर आहे म्हणून ठाण्यात श्वास घेता येतो, मुंबईची विहार आणि तुळशी ही तळी पण याच जंगलातली.

दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली, तर मुद्द्याचं भरभर सांगतो. घटनेत जंगल आधी राज्यांकडे होतं. आणीबाणीत, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारात, गेलं, जमीन मात्र राज्याकडेच राहिली. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची आधी मंजुरी लागते, आणि ते चांगलंच झालं, नाहीतर राज्यांनी धरणं-खाणींना आणखी वाटली असती. १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ‘वन’चा अर्थ शब्दकोशातला धरला, मालकी कुणाचीही असो. त्यावर २००६ चा वनहक्क कायदा, तो ग्रामसभेला अधिकार देतो, पण येऊरच्या पाड्यातला माणूस महापालिकेचा मतदार, त्याने ग्रामसभा कुठे भरवायची?

माझं म्हणणं एवढंच की अधिकार वाटले, पण दप्तर एक केलं नाही. वनखात्याची हद्द, महसूलचा सातबारा आणि महापालिकेचा विकास आराखडा, तिन्ही घेऊन तिघांनी एकदा एकत्र डोंगरावर चढावं, पाड्यातल्या लोकांना सोबत घेऊन सर्व्हे नंबरनिहाय मोजणी करावी, आणि जे वन ठरेल ते तिन्हीकडे एकाच दिवशी लिहावं. फेरफार त्यानंतर. आधी नोटीस माणसाच्या हातात, सहीसकट.

वेळ संपली. आमच्या सोसायटीचा उतारा मी आणलाय, इतर हक्काचा रकाना कसा वाचायचा ते ज्यांना बघायचंय त्यांनी इथे टेबलापाशी या, मी थांबतो.