ट्यूब लख्ख पेटतेय, पण उजेड शिळा झालाय

(टेबलावर दोन ट्यूब शेजारी शेजारी. मागे टँक.)

नमस्कार मंडळी! या दोन ट्यूब बघा. दोन्ही 54 वॅटच्या, दोन्ही निळ्या, कंपनीही एकच. एक कालपर्यंत माझ्या रीफ टँकवर, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकवर होती, दुसरी आज सकाळी खोक्यातून काढली. दोन्ही लावून दाखवते. सांगा बरं, जुनी कुठली?

नाही ना कळत? मलाही कळत नाही. माझ्या मुलीने मोठ्या आत्मविश्वासाने बोट दाखवलं आणि नेमकी नव्यावरच ठेवलं.

घरातली ट्यूब कशी असते, जायच्या आधी ती तुम्हाला सांगून जाते. फडफडते, टोकं काळी पडतात, आपण आधी स्टार्टर बदलून बघतो, मग चोकला शिव्या घालतो आणि शेवटी ट्यूब बदलतो. रीफ टँकवर एवढी वाट बघायची नसते. तुमच्या-माझ्या डोळ्यांना ती झकास दिसत असते, तेव्हाच कोरलच्या हिशोबाने शिळी झालेली असते.

असं का, ते आधी समजून घेऊ. मग पुढचं सगळं सोपं आहे.

कोरल हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. त्याला झूझँथेली म्हणतात. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणजे टँकवरचा दिवा शोभेसाठी नाही, तो कोरलचा स्वयंपाकघरातला गॅस आहे. या शैवालाला 400 ते 700 नॅनोमीटरमधला उजेड चालतो, पण खरी भूक निळ्याची, साधारण 430 ते 470च्या आसपासची. समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरून जातो आणि खाली निळाच उरतो, त्यामुळे हे सगळं बिऱ्हाड निळ्यावरच संसार करायला शिकलेलं आहे.

आणि आपला डोळा? तो सगळ्यात तरबेज हिरव्यावर, 555 नॅनोमीटरला. 450च्या निळ्याला त्याची संवेदना हिरव्याच्या शेकडा चार इतकीही भरत नाही. म्हणजे कोरलला जे हवं, त्याच्याच बाबतीत आपण जवळजवळ आंधळे. मोबाइलमधली लक्स मोजणारी ॲपही याच कारणाने इथे कुचकामी. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. निळ्या टँकवर ते बिचारं काहीतरी आकडा दाखवतं, आपण विश्वास ठेवतो.

इथे चालतो तो पार मीटर, शैवालाच्या कामाचा 400 ते 700मधला उजेड मोजणारा. आमच्या इथल्या हौशी मंडळींनी वर्गणी काढून एक घेतलाय, तो घरोघरी फिरतो. लग्नाच्या पंगतीतल्या मोठ्या पातेल्यासारखा. एकट्याने विकत घेणं परवडत नाही, पण एकदा तरी मागून आणा.

(मीटरचा प्रोब वाळूच्या थोडा वर. आकडा जवळून.)

हा बघा. चारही ट्यूब नव्या होत्या तेव्हा या जागेवर 210 आला होता. सोळा महिन्यांनी, परवा, 165. एवढा फरक पडला आणि मला डोळ्यांनी काहीही जाणवलं नव्हतं.

अंदाज यावा म्हणून सांगते: मश्रूम आणि मऊ कोरलना 50 ते 100 पुरतो, मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक जीव) कठीण कोरलना 80 ते 150, आणि अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कठीण कोरलना 200 ते 350. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा 2000च्या घरात जातो, त्यामुळे 300 ऐकून घाबरू नका.

ट्यूब शिळी का होते? काचेच्या आत पाऱ्याची वाफ असते. ती अतिनील किरण सोडते, आतल्या भुकटीचा थर, म्हणजे फॉस्फर, ते किरण गिळतो आणि आपल्याला हवा तो रंग बाहेर टाकतो. रोज दहा तास हा मारा सोसून फॉस्फर थकतो. त्यातही निळा आधी थकतो. थोडा पारा काचेत आणि थरात अडकून पडतो. टोकांच्या तारांवरचा लेप झिजतो. म्हणून टी5, म्हणजे ही बारीक जातीची ट्यूब, नऊ ते बारा महिन्यांत बदलायची. मी सोळा महिने ओढले तो आळशीपणा, त्याचं अनुकरण नको.

एक गंमत सांगते. टी5 ट्यूब सगळ्यात जास्त उजेड देते ती भोवतालची हवा 35 अंशांच्या आसपास असताना. म्हणून हुडला, म्हणजे टँकवरच्या दिव्यांच्या पेटीला, पंखा लावला की कधी फायदा होतो, कधी तोटा. फार तापली तरी उजेड कमी, फार गार केली तरी कमी. मुंबईत मे महिन्यात पंखा हवाच. इथे जर्मनीत मी हिवाळ्यात तो बंद ठेवते.

आता निवड. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले केल्विन, 10000, 14000, 20000, हे वाचून लोक ट्यूब घेतात. केल्विन म्हणजे उजेड आपल्या डोळ्याला किती पिवळट किंवा किती निळसर दिसतो त्याचं नाव. एकाच केल्विनच्या दोन ट्यूबांच्या आतला मसाला वेगळा असू शकतो. खोक्याच्या मागे वर्णपटाचा आलेख असतो, तो बघा. 420 आणि 450 कडे उंच सुळके हवेत. आलेखच छापलेला नसेल तर मी ती ट्यूब परत फळीवर ठेवते.

माझी चार ट्यूबांची जोडणी अशी: दोन निळ्या, एक गुलाबी-पांढरी आणि एक जांभळट. निळ्या कोरलसाठी. गुलाबी-पांढरी नसेल तर मासे आजारी दिसतात. आणि जांभळटमुळे कोरलमधली चमकणारी प्रथिनं पेटतात. सगळ्याच निळ्या लावल्या तर? कोरलला चालेल. पण माझी आई रत्नागिरीहून व्हिडिओ कॉलवर विचारते, “घरात बार काढलायत का गं?”

खरेदी करताना एक चूक हमखास होते, विशेषतः भारतात. चार फुटी टी5 दोन जातींची मिळते. घरात लावतो ती 28 वॅटची. टँकवरची 54 वॅटची. दोघींची लांबी 1149 मिलिमीटर, पिनाही त्याच. त्यामुळे घरगुती ट्यूब टँकच्या हुडमध्ये बिनदिक्कत बसते, पेटतेही. पण हुडचा चोक तिच्यात तिच्या मापाच्या कितीतरी जास्त करंट ढकलतो आणि वर्णपट तर कोरलच्या कामाचा नसतोच. दुकानदार “तीच आहे हो, लावा” म्हणाला तरी वॅट वाचूनच घ्या. 36 इंची टँकवर बहुधा 39 वॅटची लागते, दोन फुटीवर 24 वॅटची.

मेटल हॅलाइड हा प्रखर बल्ब, म्हणजे इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी एचक्यूआय, त्याबद्दल थोडंसंच. 1980च्या दशकात बर्लिनमधल्या हौशी लोकांनी याच दिव्यांखाली अॅक्रोपोरा वाढवून दाखवला. डीट्रिश श्ट्यूबर हे त्यांतलं नाव, त्यांच्या टँकमधले तुकडे पुढे हातोहात कितीतरी घरी गेले. पाण्यावर लहरींच्या सावल्या नाचतात ते दृश्य मला आजही एलईडीपेक्षा भारी वाटतं. पण 250 वॅटचा दिवा म्हणजे पाण्यावर ठेवलेली शेगडीच. मुंबईत त्याच्या जोडीला पाणी गार करणारा चिलर लागेल आणि विजेचं बिल बघून घरात भांडण होईल. अजूनही वापरत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. दोन्ही टोकांना पिन असलेला बल्ब समोरच्या संरक्षक काचेशिवाय कधीच पेटवू नका, त्याच्या अतिनील किरणांनी कोरलही भाजतं आणि तुमचे डोळेही. आणि नव्या बल्बच्या क्वार्ट्‌झला उघडा हात लावू नका. बोटाचं तेल तिथे भाजतं आणि काच तिथेच कमजोर होते. बदलायची मुदत इथेही वर्षभरच.

आता माझी चूक. तीन वर्षांपूर्वी मी चारही ट्यूब एका रविवारी बदलल्या. हुड खाली उतरवलाच होता म्हणून परावर्तक पत्रेही पुसले, खालची काचही लख्ख केली. संध्याकाळी टँक असा झळाळला की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. नवऱ्याने तेवढ्यात विचारलं होतं, “एकदम सगळ्या?” मी म्हटलं, “दुकानात तसंच सांगितलं.”

पाचव्या दिवशी मॉन्टिपोराची वरची कड फिकट झाली. आठव्या दिवशी पांढरी. ताटासारखं पसरलेलं जांभळं कोरल, आणि वरून कुणीतरी चुना लावल्यासारखं.

झालं असं की उजेड कमी होत गेला तसं कोरलने आपल्या आतलं शैवाल वाढवून घेतलं होतं, म्हणून ते आधी तपकिरी झालं होतं. आणि मी त्याला “रंग उतरला, खाद्य वाढवूया” म्हणत होते! मग एका दिवसात गॅस मोठा केला. जास्त उजेडात शैवालाची यंत्रणा तुंबते, आत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल त्या भाडेकरूला घराबाहेर काढतं. उरतो तो नुसता पांढरा सांगाडा, वर पारदर्शक कातडी. ते लगेच मरत नाही, उपाशी मरतं.

तपकिरी पडणं ही जुन्या ट्यूबची खूण, पांढरं पडणं ही घाईची. आणि काचेवर हिरवं शेवाळ आलं की लोक म्हणतात ट्यूब जुनी झाली. मला तरी ते पटत नाही. आधी नायट्रेट, फॉस्फेट मोजा. नवी ट्यूब लावून घाण पाणी स्वच्छ होत नाही.

चला, आता हात घालू.

(कॅमेरा हुडच्या टोकाशी.)

आधी प्लग भिंतीतून काढला. बटण बंद करून भागत नाही. मिठाचं पाणी आणि वीज एकत्र आहेत. टँकच्या लाइनवर करंटच्या गळतीला ट्रिप होणारा स्विच नसेल तर ट्यूब नंतर घ्या, आधी तो बसवून घ्या. ट्यूब गार होईपर्यंत चहा.

हे बघा, टोकाला हा रबरी झाकणाचा आटा. त्याच्याभोवती पांढरं पुट साचलंय, मीठ. आटा जोर लावून फिरवलात तर ट्यूबची मान मोडेल. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळून ठेवा, मीठ विरघळतं. आता सुटला. ट्यूब दोन्ही हातांनी टोकांशी धरायची, मध्ये नाही, आणि पाव फेरा फिरवायची. आवाज आला, टक्. खाली आली. पिनांवर हिरवट गंज आहे का बघा. असेल तर होल्डरच्या आतही असणार, आणि नवी ट्यूब त्याच होल्डरमुळे फडफडेल.

परावर्तक आज मी पुसणार नाही. मुद्दाम. ते चौथ्या ट्यूबच्या वेळी.

नवी बसवली, पाव फेरा, टक्. आटा बोटाच्या जोराने, पक्कड नको. आणि धातूच्या टोपीवर मार्करने आजची तारीख. वहीत लिहिलेली तारीख आपण हरवतो, ट्यूबवरची हरवत नाही.

आज एकच. दुसरी पंधरा दिवसांनी, तिसरी आणखी पंधरा दिवसांनी. एका वेळी चारात एकच वाढली तर कोरल निभावून नेतं. सगळ्या एकदम बदलणं भागच असेल तर हुड एक वीत वर उचला किंवा दिवे चार-पाच तासच ठेवा आणि दर आठवड्याला अर्धा-एक तास वाढवा. नव्या ट्यूबचा उजेड पहिले शंभर तास थोडा इकडेतिकडे होतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी मीटर लावून चिडू नका.

एलईडीवाल्यांनो, तुम्ही हसत असाल. तुम्हाला बल्ब बदलायचा नाही हे खरं. 50000 तासांनी सत्तर टक्के उजेड उरेल असं कंपन्या लिहितात, रोज दहा तास धरले तर ती जवळजवळ पावणेचौदा वर्षं झाली. पण त्याआधी पंख्यात मीठ जातं, लेन्सवर पुटं चढतात, आणि जांभळ्या चिप निळ्यांच्या आधी मावळतात. महिन्यातून एकदा लेन्स मऊ ओल्या कापडाने पुसा. आणि ट्यूबवरून एलईडीवर जाणार असाल तर माझी मॉन्टिपोरा आठवा: निम्म्यावर सुरू करा, दर आठवड्याला पाच टक्के. एलईडीचा उजेड एका बिंदूतून येतो, ट्यूबचा पसरून, म्हणून फांद्यांच्या खालच्या बाजू अंधारात जातात. मला अजून ट्यूब सोडवत नाहीत त्याचं कारण हेच. मात्र किती दिवस, हा प्रश्न आहे. युरोपात घरगुती उजेडाच्या साध्या टी5 बाजारात आणायला ऑगस्ट 2023 पासून बंदी आली. खास कामाच्या ट्यूबांना सवलती आहेत, पण दुकानातली फळी रोडावत चाललीय. मी एक जादा संच घेऊन ठेवलाय.

जुनी ट्यूब कचऱ्याच्या डब्यात नाही. आत पारा आहे. आमच्याकडे पालिकेचं संकलन केंद्र, वेर्टश्टोफहोफ, ती घेतं. भारतात ई-कचऱ्याच्या नियमांत पाऱ्याचे दिवे येतात, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. नव्या ट्यूबच्या खोक्यात जुनी घालून ठेवायची, म्हणजे गाडीत फुटत नाही.

आणि कोकणातल्या माझ्या लोकांना एक सांगायचंय. मालवणला पोहताना तुटलेलं प्रवाळ उचलून घरच्या टँकमध्ये टाकायचा मोह होतो. नको. सगळे कठीण प्रवाळ 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंक्तीत.

(कॅमेरा टँकच्या डाव्या कोपऱ्यावर.)

हां, ती मॉन्टिपोरा. ही बघा, इथे. मेलेल्या भागावर आधी शेवाळ चढलं होतं, मी काढून टाकणार होते. आता बाजूने ही बारीक जांभळी कड त्याच्यावर सरकतेय. तीन वर्षांत दोन बोटं.