उतरलेल्या तारा

ऐका. हे युरोपात लावतात तसं व्हायोलिन. मोकळ्या तारा चार: जी, डी, ए, ई.

आता अरबी वादक सगळ्यात बारीक तारेची खुंटी सैल करतोय. ई घसरत घसरत डीवर येऊन थांबली. शेजारची ए उतरून जी झाली. जी, डी, जी, डी. म्हणजे सा, प, सा, प! कर्नाटक संगीतातलं व्हायोलिनही याच नात्यानं लावतात, त्यामुळे आपल्या कानाला हे परकं वाटणार नाही.

अरबी वादक तारा का उतरवतात, हे 'बयाती' या मकामात, म्हणजे तिकडच्या रागासारख्या स्वरचौकटीत, चटकन कळतं. बयातीचा षड्ज धरा डीवर. त्याच्या पुढचा स्वर ना शुद्ध ई, ना कोमल. साधारण दोहोंच्या मधला. व्हायोलिनला पडदे नाहीत, म्हणून बोट ती जागा अचूक हुडकतं. मोकळ्या तारेला मात्र बोटाचा धाक नसतो. गज जरासा कलून ईला लागला, की बयाती कणसूर झालाच. तीच तार डीवर असली, तर चुकून लागली तरी वरचा षड्जच वाजतो.

शिवाय खालच्या दोन तारांवरची हरकत वरच्या दोन तारांवर त्याच बोटांनी, एक सप्तक वर, जशीच्या तशी निघते. आणि ईची डी केली, की तारेवरचा ताण साधारण पाचव्या हिश्शानं घटतो. धार बोथट होते, आवाज गळ्याजवळ येतो. माझ्या मते खरी कमाई हीच.

1932 साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. मधले स्वर न देणाऱ्या पियानोला अरबी संगीतात जागा द्यायची का, यावर तिथे बराच खल झाला. व्हायोलिन तोवर मैफलीत केव्हाच रुळलं होतं. 'व्हायोलिनचा अमीर' म्हणवला जाणारा सामी अल-शवा त्याच परिषदेत वाजवत होता.

इस्तंबूलला चला. इथे बरेच वादक फक्त ई उतरवतात. वरच्या तीन तारा डी, ए, डी: सा, प, सा. तुर्की शास्त्र एका पूर्ण स्वरांतराचे नऊ 'कोमा' मानतं, आणि 'रास्त' मकामाचा गांधार शुद्ध गांधाराहून जेमतेम एक कोमा खाली ठेवतं. कैरोचा रास्त त्याहून बराच खाली उतरतो.

दोन्हीकडचे वादक एकत्र बसले, तर तारा पाच मिनिटांत जुळतील. गांधारावरून मात्र तंटा ठरलेला.